घाम गाळावा, की वाळवावा?



मी मराठीचा प्राध्यापक. वैद्यकाची पदवी माझ्याजवळ नाही. म्हणून आजचा विषय आरोग्याचा असला, तरी त्याची सुरुवात मला माझ्या अंगणातून, म्हणजे भाषेतून, करू द्या.

आपल्या भाषेने घामाला दोन क्रियापदे दिली आहेत. घाम गाळणे आणि घाम फुटणे. शेतकरी बांधीत घाम गाळतो. आणि बँकेची नोटीस दारात आली म्हणजे त्याच शेतकऱ्याला घाम फुटतो. पहिला घाम उन्हाचा आणि कष्टाचा, दुसरा मनाचा. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांत स्तंभ, रोमांच, अश्रू यांच्या पंक्तीला स्वेदही बसलेला आहे. मन हलले की घाम येतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी चांगली ओळखली होती.

पण या दोहोंत नीट न बसणारा एक तिसरा घाम आहे. तो कष्टाने गाळावा लागत नाही, आणि दरवेळी भीतीनेच फुटतो असेही नाही. पौषातल्या थंडीत, सावलीत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तळहातांतून, तळपायांतून किंवा काखांतून तो पाझरत राहतो. या तिसऱ्या घामाविषयी आणि त्याच्या औषधांविषयी मला आज बोलायचे आहे.

बोलण्याचा अधिकार एवढाच, की माझे स्वतःचे हात लहानपणापासून ओले आहेत. पाटीवर लिहायला बसलो की पाटी ओली होई आणि ओल्या जागेवर पेन्सिल उमटत नसे. वहीचे पान हाताखाली फुगे. गुरुजी म्हणत, "अरे, हात धुऊन पुसत जा ना जरा!" हात मी धूतलेलेच नसत, हे त्यांना कसे सांगावे! आजही वर्गात फळ्यावर पंधरा ओळी लिहिल्या की खडूचा चिखल होतो. माझ्या आईचेही हात असेच. त्यामुळे आमच्या घरी ही गोष्ट हसण्यावारी गेली. सगळ्यांच्या घरी ती तशी जात नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीची परीक्षा चालू होती आणि मी पर्यवेक्षक होतो. खिडकीजवळच्या बाकावरचा एक मुलगा पेन खाली ठेवून नुसता बसून होता. हुशार मुलगा. मी जवळ जाऊन हळूच विचारले, "काहून थांबला रे?" त्याने तळहात उघडून दाखविले. बोटांच्या टोकांवर थेंब उभे होते. उत्तरपत्रिकेची शाई पसरून अर्धे पान निळे झाले होते. तो म्हणाला, "पेपर ओला होते जी, सर."

मी माझा रुमाल त्याच्या हाताखाली ठेवला. परीक्षा संपल्यावर त्याला म्हणालो, "घाबरू नकोस. मलाही हेच आहे. याला गोळ्या असतात म्हणतात." श्रोतेहो, हे शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते. का, ते पुढे सांगतो. आधी घाम म्हणजे काय, तो येतो कसा, हे पाहू.

आपल्या प्रत्येकाच्या घरी मातीचा माठ असतो. माठातले पाणी थंड का राहते? माठ पाझरतो म्हणून. पाझरलेले पाणी वाळताना माठातली उष्णता घेऊन जाते. त्याच माठाला बाहेरून तेलरंग लावून पाहा. माठ सुंदर दिसेल, पण पाणी थंड होणार नाही. आपले शरीरही असाच एक पाझरणारा माठ आहे. माणसाच्या कातडीत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. उन्हात कष्ट करणारा माणूस तासाला एक लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक घाम टाकतो. एक लिटर घाम अंगावर वाळताना जेवढी उष्णता शरीरातून काढून नेतो, तेवढ्या उष्णतेवर सातएक लिटर पाणी उकळीला येईल! आपल्या भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असते तेव्हा शरीर थंड ठेवण्याचा घामावाचून दुसरा मार्ग शरीराजवळ उरत नाही. नवतपाच्या दिवसांत तुमडी-माठाला जेवढे महत्त्व, तेवढेच घामाला.

आता हा घाम सुटतो कसा? मेंदूतून निरोप निघतो, तो मज्जातंतूंवरून घर्मग्रंथीच्या दाराशी येतो. दाराशी निरोप पोचविणारे एक द्रव्य आहे. त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. नाव अवघड आहे, म्हणून आपण त्याला गावचा कोतवाल म्हणू. कोतवाल दारात येऊन दवंडी पिटतो, ग्रंथी ते ऐकते आणि घाम सोडते. दवंडी झाली की कोतवालाला तिथून हलविणारे दुसरे एक द्रव्यही शरीरात असते. नाहीतर तो रात्रंदिवस ढोल बडवीत बसेल. हा कोतवाल ध्यानात ठेवा. पुढची सगळी कथा त्याच्याभोवती फिरणार आहे.

काही माणसांच्या बाबतीत हा निरोप कारण नसताना निघतो आणि गरजेपेक्षा फार मोठा निघतो. ग्रंथी चांगल्या असतात, हात-पाय चांगले असतात. फक्त दवंडी उगाच पिटली जाते. शंभरांत एक ते तीन माणसांना हा त्रास असतो. म्हणजे शंभर मुलांच्या शाळेत एखादा तरी असा विद्यार्थी सापडायचाच. शिक्षकबंधूंनी आपला पट डोळ्यांपुढे आणावा.

हा त्रास ओळखायचा कसा? तो बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो. दोन्ही हातांना, दोन्ही पायांना, दोन्ही काखांना सारखाच असतो. आठवड्यातून एकदा तरी, पुष्कळदा रोजच, येतो. घरात आई-वडील किंवा भावंडे यांच्यापैकी कुणाला तरी असतो. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे झोप लागली की हा घाम थांबतो. ही खूण विसरू नका.

हा रोग संसर्गाचा नाही. अशा मुलाचा हात धरल्याने तो दुसऱ्याला लागत नाही. हा अस्वच्छपणा नाही, अशक्तपणा नाही, खोटे बोलल्याची खूण तर नाहीच नाही. आणि ज्याला हा आहे तो भित्रा असतो, हाही गैरसमज. उलट, हात ओले होतील म्हणून तो घाबरतो, आणि घाबरला म्हणून ते अधिक ओले होतात. मोहाडी-आंधळगावाकडे कोशाच्या धाग्यावर काम करणाऱ्या विणकराला विचारा, ओल्या बोटांना तो नाजूक धागा कसा वागतो ते. रेशनच्या दुकानात अंगठ्याच्या यंत्रावर ओला अंगठा उमटत नाही. मागची रांग कुरकुरते आणि बाई पदराला पुन्हा पुन्हा हात पुसत उभी राहते. वरवर लहान दिसणारी ही गोष्ट माणसाचा रोजचा दिवस कुरतडते.

तर मग औषध घ्यावे? घ्यावे. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा : हा घाम येतो कुठून? कारण दुसऱ्या एखाद्या मोठ्या रोगाचा निरोप्या म्हणूनही घाम येतो. निरोप्याचे तोंड बांधले, तर निरोप कळणार नाही.

रात्री झोपेत अंथरूण भिजविणारा घाम, बारीक ताप, वजन उतरणे, दोन आठवड्यांवर खोकला, ही क्षयाची लक्षणे असू शकतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर क्षयाच्या रोग्याचा रात्रीचा घाम बंद करण्यासाठी अ‍ॅट्रोपीन नावाचे औषध देत. घाम थांबे, रोगी सुखाने झोपे, आणि क्षय आपले काम आतल्या आत करीत राही. त्या काळी क्षयावर औषध नव्हते, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आज क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आज जर आपण घामच वाळवीत बसलो, तर दोष आपला.

तसेच, वजन घटते, छाती धडधडते, हात कापतात आणि घाम येतो, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची तपासणी करावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला एकाएकी घाम सुटला, थरथर झाली, तर रक्तातील साखर उतरली असे समजून, तो शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्यावा. छातीत दुखून थंड घाम आला, तर हृदयाचा झटका समजून वेळ न दवडता दवाखाना गाठावा. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा निघून घाम येतो. तो रोग नव्हे, पण डॉक्टरला सांगायला लाजू नये.

आणि एक घाम असा आहे, की जो आपल्या विदर्भाने फार महाग किंमत देऊन ओळखला आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक माणसे दगावली. कपाशी यवतमाळची, धान आपला; पण पाठीवरचा पंप तोच आणि डब्यातले विषही त्याच घराण्यातले. फवारणीच्या पुष्कळ औषधांत ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची विषे असतात. ती काय करतात? दवंडी झाल्यावर कोतवालाला हलविणारे जे द्रव्य मी सांगितले, त्याचाच ती घात करतात. मग कोतवाल दारात ढोल बडवीतच बसतो. घाम थांबत नाही, लाळ गळते, डोळ्यांतून पाणी वाहते, बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या होतात, छाती पाण्याने भरून दम लागतो.

म्हणून धुऱ्यावरून फवारणी करून आलेला माणूस घामाने निथळत असेल, तर "उन्हाने झाले, लिंबूपाणी दे" असे म्हणून बसू नका. त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा बरोबर घ्या आणि १०८ क्रमांकाला फोन करून दवाखान्यात न्या. तिथे डॉक्टर त्याला शिरेतून तेच अ‍ॅट्रोपीन देतात. ते कोतवालाचा आवाज दाराबाहेरच अडविते. मात्रा पुरी झाली का, हे पाहताना डॉक्टर छाती तपासतात, नाडी आणि बाहुल्या पाहतात, आणि रोग्याच्या काखेत हात घालूनही पाहतात. काख कोरडी लागली, तर औषध लागू पडत आहे. घाम वाळणे म्हणजे जीव वाचणे, असा हा प्रसंग आहे.

आता हे अ‍ॅट्रोपीन आले कुठून? तुमच्या माझ्या ओळखीच्या झाडातून. उकिरड्याच्या कडेला, पडक्या भिंतीशी उगवणारा आणि महादेवाला वाहिला जाणारा धोतरा, त्यात हे द्रव्य असते. धोतऱ्याच्या बिया खाल्लेले मूल ज्याने पाहिले आहे, त्याला तिचा गुण सांगायला नको. तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, चेहरा लाल होतो, मूल भलतेच बडबडू लागते, लघवी तुंबते. आणि अंग गरम होते, पण घामाचा थेंब नाही. म्हणजे कोतवालाचा आवाज शरीरभर बंद! जे द्रव्य विषबाधेत दवाखान्यात जीव वाचविते, तेच घरी बीज म्हणून खाल्ले तर जीव घेते. म्हणून कुणी धोतऱ्याचा घरगुती उपाय सांगितला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

आता ओल्या हातांच्या औषधांकडे येतो. ती पायरीपायरीने चढायची असतात. तळची पायरी सोडून एकदम वरच्या पायरीवर उडी मारू नये.

पहिली पायरी बाहेरून लावायच्या औषधाची. दाढी झाल्यावर न्हावी तुरटी फिरवितो, ती आपल्या ओळखीची. तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचाच एक क्षार. त्याच घराण्यातला, पण अधिक जोरकस असा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड नावाचा क्षार आहे. त्याचे २० टक्क्यांपर्यंतचे द्रावण मिळते. रात्री झोपताना, अगदी कोरड्या केलेल्या जागी ते लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. ग्रंथीच्या तोंडाशी त्याची गुठळी बसते आणि घाम तिथल्या तिथे अडतो. रात्री का? कारण झोपेत हा घाम थांबलेला असतो. ओल्या कातडीवर लावले तर औषध टिकत नाही आणि आग मात्र होते. सुरुवातीला रोज, आणि गुण आला की आठवड्यातून एक-दोनदा लावले तरी पुरते. खाज किंवा आग झाली, तर थांबून डॉक्टरला विचारावे. काखांना याचा चांगला उपयोग होतो. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे थोडा कमी.

दुसरी पायरी पाण्याच्या तबकाची. उथळ तबकात साधे पाणी घेऊन त्यात हात ठेवायचे आणि त्यातून यंत्राने अगदी मंद वीजप्रवाह सोडायचा. वीस-तीस मिनिटे, आठवड्यातून काही वेळा. पोटात औषध नाही, सुई नाही. मात्र हे यंत्र डॉक्टरांचे; घरच्या विजेच्या तारांशी असा खेळ कुणी चुकूनही करू नये. गरोदर बाईने आणि हृदयात यंत्र बसविलेल्या माणसाने हा उपचार घेऊ नये.

अलीकडे कोतवालाला फक्त त्या जागेपुरते अडविणारी, बाहेरून लावायची औषधेही निघाली आहेत. अमेरिकेत २०१८ मध्ये काखा पुसायच्या औषधी कापडाला मान्यता मिळाली. जपानमध्ये २०२० मध्ये काखांसाठी आणि २०२३ मध्ये तळहातांसाठी अशी औषधे आली. विचार योग्य दिशेने चालला आहे : जिथे ओल, तिथेच उपाय.

तिसरी पायरी पोटात घ्यायच्या गोळ्यांची. ग्लायकोपायरोलेट आणि ऑक्सिब्युटिनिन ही त्यांतली मुख्य नावे. ऑक्सिब्युटिनिन मुळात मूत्राशयाच्या तक्रारीसाठी दिले जाते. या गोळ्या धोतऱ्यापासून काढलेल्या नाहीत, कारखान्यात तयार होतात. पण त्यांची काम करण्याची रीत धोतऱ्याच्याच वाटेवरची आहे. कोतवाल दाराशी आला तरी त्याचा आवाज आत जाऊ द्यायचा नाही. योग्य मात्रेत, योग्य माणसाला त्यांचा खरोखर गुण येतो. हात कोरडे होतात, मुले पेपर लिहितात. मी त्यांची निंदा करीत नाही. परंतु गोळी पोटात गेली की ती "मी फक्त तळहातावरच जाईन" असे म्हणत नाही. ती साऱ्या अंगात जाते. तोंड कोरडे पडते, शौचास साफ होत नाही, जवळचे अक्षर अंधूक दिसते. काचबिंदू असलेल्याला आणि लघवीला अडखळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या घातक ठरू शकतात. वृद्धांना भ्रमही होतो. आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट : त्या पाझरणाऱ्या माठाला सगळीकडून तेलरंग लावतात.

आता त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. माझे वाक्य त्याने मनावर घेतले. "याला गोळ्या असतात." तो एका औषधदुकानात गेला. चिठ्ठी नव्हती, तरी गोळ्या मिळाल्या. दुकान कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. हात कोरडे झाले. उरलेले पेपर त्याने उत्तम लिहिले. तो आनंदात होता, आणि हात कोरडे राहिलेले त्याला आवडले, म्हणून परीक्षा संपल्यावरही गोळ्या चालूच राहिल्या. अधिक गुण यावा म्हणून एकाच्या दोन झाल्या. मे महिना आला. आईबरोबर तो तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला. दुपारच्या सुमारास तो भलतेच बोलू लागला आणि पळसाच्या झाडाखाली कोसळला. आईने अंगाला हात लावला, तर अंग तव्यासारखे तापलेले आणि कातडी खडखडीत कोरडी.

त्या माउलीचे शहाणपण, की तिने रडत बसण्यात वेळ घालविला नाही. त्याला सावलीत ओढले, सदरा काढला, डबकीतले सगळे पाणी त्याच्या अंगावर ओतले आणि ओल्या दुपट्ट्याने वारा घालीत राहिली. बरोबरच्यांनी गाडी आणली. दवाखान्यात त्याला शुद्ध आली. मुलगा वाचला. नंतर मी भेटायला गेलो, तेव्हा ती मला म्हणाली, "पोरगा हात सुकवाले गेला जी मास्तर, सबन आंगच सुकलं त्याचं."

माझ्या एम.ए.च्या पदवीपेक्षा त्या वाक्यात अधिक ज्ञान आहे. गोळी वाईट नव्हती. मुलगाही मूर्ख नव्हता. चूक होती ती अर्धवट सांगण्याची, आणि ती माझी होती. "याला गोळ्या असतात" या वाक्यापुढे "पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि उन्हात जाताना तर मुळीच नको" एवढे शब्द मी जोडले असते, तर त्या आईची ती दुपार टळली असती. म्हणून आज ते वाक्य पुरे करायला मी येथे आलो आहे.

उष्माघात झालेल्याला काय करावे, हे त्या माउलीने दाखविलेच आहे. सावली, अंगावर पाणी, वारा, मान, काखा आणि जांघा यांवर ओली फडकी, आणि १०८. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

वरच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. बोट्युलिनम नावाच्या द्रव्याच्या बारीक सुया काखेत किंवा तळहातात देतात. काखेतल्या उपचाराला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. गुण सहाएक महिने टिकतो आणि खर्च बराच. तळहातात सुया दुखतात, आणि काही दिवस पकडही कमी होऊ शकते. शेवटची पायरी शस्त्रक्रियेची. छातीतली ती मज्जातंतूची साखळीच तोडायची. हात कोरडे होतात. पण पुष्कळांना मग पाठीला, पोटाला, मांड्यांना पूर्वीपेक्षा जास्त घाम येऊ लागतो, आणि तोडलेली तार पुन्हा जोडता येत नाही. म्हणून ही पायरी फार विचार करून, खालच्या सगळ्या पायऱ्या झाल्यावरच चढावी.

शिक्षकबंधू-भगिनींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. तुमच्या वर्गात जो मुलगा वही हाताने झाकतो, हात खिशातून काढीत नाही, फुगडीत किंवा कबड्डीत हात द्यायला कचरते अशी जी मुलगी आहे, तिच्यावर ओरडू नका. सगळ्यांसमोर विचारूही नका. तिला हाताखाली ठेवायला जाड कागद किंवा सुती फडके द्या. परीक्षेत पसरणाऱ्या शाईच्या पेनाऐवजी बॉलपेन वापरू द्या. आणि एकान्तात सांगा, की हा रोग आहे, त्याला नाव आहे, औषध आहे, आणि आपल्यासारखे पुष्कळ आहेत. हे ऐकूनच अर्धा घाम ओसरतो, हा माझा अनुभव. मग आई-वडिलांना बोलावून त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

शेतकरी आणि कष्टकरी बांधवांनो, तुमच्यासाठी एकच. उन्हाळ्यात आणि रोवणीच्या दमट दिवसांत कोणतीही नवी गोळी सुरू झाली, तर डॉक्टरांना विचारा, "साहेब, हिने घाम तर बंद होत नाही? मी उन्हात काम करतो." हा प्रश्न विचारायला लाजू नका. तुम्ही काय काम करता हे तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांना कळणार कसे? आणि घामावाटे गेलेले पाणी व मीठ ताक, आंबील, पन्हे यांनी भरून काढत जा.

श्रोतेहो, त्या मुलाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो बारावी झाला, पुढे शिकला. गोळ्या आता बंद आहेत. डॉक्टरांनी दिलेले द्रावण तो रात्री लावतो, आणि हाताखाली एक फडके ठेवतो. हात अजून थोडे ओले होतात. गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा जाताना त्याने हात पुढे केला. मीही माझा ओला हात पुढे केला. दोघांनाही हसू आले.

जो घाम गाळावा लागतो, त्याला मान द्यावा. जो फुटतो, त्याला धीर द्यावा. आणि जो उगाच पाझरतो, त्याला औषध द्यावे. पण तेवढ्याच जागी, तेवढ्याच मात्रेत, आणि जाणत्या माणसाला विचारून.